जोडीतला दुसरा

विशाखाने बुकएंड उलटा केला, तळाचं हिरवं कापड अंगठ्याने दाबून पाहिलं आणि मधल्या बोटाच्या नखाने त्याच्या पाठीवर टिचकी मारली. मग जोडीतला दुसरा उचलून त्यालाही तशीच टिचकी मारली. सौदामिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. दोन टिचक्यांचे दोन आवाज तिला तिथूनही वेगवेगळे ऐकू आले.

"सर, हा वाचणारा म्हातारा जुना आहे. शंभर वर्षांचा तरी," विशाखा म्हणाली. "हा झोपलेला मात्र अलीकडचा. कोणीतरी नव्याने केलाय."

दत्तोपंतांनी चष्मा काढला. "म्हणजे नकली."

"नक्कल म्हणू या. पण काम फार सुंदर आहे, सर. वरचा थर मूळच्यापेक्षा एकसारखा बसलाय. ज्याने केलं तो मोठा कारागीर असणार."

"हो का," दत्तोपंत म्हणाले. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. "चहा निवतोय, सौदामिनी."

तिने ट्रे टेबलावर ठेवला. कप उचलून देताना बशी वाजली नाही, याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

विशाखा हैदराबादहून आली होती. जुन्या वस्तूंची पारख करणं हे तिचं काम. पुढच्या महिन्यात दत्तोपंतांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि लातुरातल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्या निमित्ताने त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. एकतीस जोड्या. पुस्तकांच्या रांगेच्या दोन टोकांना लावायचे हे टेकू सगळे एकाच जातीचे होते. आत प्लास्टर, वरून जाड कागदाइतका ब्राँझचा थर. अमेरिकेत कधीकाळी बनलेले, निजामाच्या अमदानीत हैदराबादच्या अंमलदारांच्या बंगल्यांत आलेले, आणि त्या घरांच्या वाटण्या झाल्या तसे जुन्या बाजारात उतरलेले. घोड्यांची मुंडकी होती, शिडाची जहाजं होती, पंजे पसरून बसलेले सिंह होते. प्राचार्य असताना आणि निवृत्तीनंतरही दत्तोपंतांचे चाळीस वर्षांचे रविवार त्यांच्यामागे गेले होते.

सगळ्यांत लाडकी ही दोन म्हाताऱ्यांची जोडी. दोघांच्याही मांडीवर पुस्तक. एक वाचत बसलेला, दुसऱ्याची हनुवटी छातीवर टेकलेली.

विशाखाला स्टेशनवर सोडून दत्तोपंत परत आले तेव्हा सौदामिनी कप विसळत होती. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ते तिथे सहसा येत नसत.

"या जोडीला आजवर हात कोणाकोणाचा लागला?" त्यांनी विचारलं. "माझा. तू पुसतेस, म्हणून तुझा. आणि त्या नांदेडच्या निजामचा. कुठे काही उडालं, तडकलं की त्याच्याकडेच जातं सगळं."

सौदामिनीने नळ बंद केला.

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले.

त्यांचा आवाज मऊ होता. हा आवाज तिला ठाऊक होता. कॉलेजात एका शिपायाने प्रयोगशाळेची किल्ली हरवली, तेव्हा त्यांनी त्याला शिक्षा केली नव्हती. तो निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी ते फाटकात थांबून त्याला हात जोडून म्हणायचे, या किल्लेदार. श्रीनाथने, त्यांच्या मुलाने, आठवीत गुणपत्रिकेवर खाडाखोड केली. ती गुणपत्रिका दत्तोपंतांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावली आणि श्रीनाथ बारावी होऊन घराबाहेर पडेपर्यंत उतरवली नाही. येणारे पाहुणे ती वाचायचे, आणि श्रीनाथ त्यांना पाणी आणून द्यायचा. तो आता कॅनडात होता. दिवाळीला फोन करायचा, आईला.

"मला त्यातलं काय कळतंय," सौदामिनी म्हणाली.

दत्तोपंतांनी मान हलवली. मग म्हणाले, "बरं. निजामलाच विचारू."

आठ वर्षांपूर्वी दत्तोपंत एका बैठकीसाठी दहा दिवस पुण्याला गेले होते. दिवाळी जवळ आली होती, सौदामिनीने कपाटं साफसफाईला काढली होती. स्टुलावरून उतरताना झोपलेला म्हातारा तिच्या हातातून सुटला आणि फरशीवर पडला. फार मोठा आवाजही झाला नाही. वरचा थर फाटला आणि आतलं पांढरं प्लास्टर ढेकूळ फुटावं तसं पसरलं. ती बराच वेळ त्या ढिगाशेजारी बसून राहिली. मग तिने सगळे तुकडे, अगदी भुगासुद्धा, टॉवेलात बांधले, वाचणारा म्हातारा साडीत गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची नांदेडची बस धरली.

निजामोद्दीन यांचं दुकान इतवाऱ्यात होतं. मुलाम्याचं काम. लग्नाच्या बँडची वाद्यं, जुन्या समया, मशिदीतली झुंबरं, देवळांतले मुखवटे असं सगळं त्यांच्या टाक्यांत बुडून चकचकीत होऊन निघायचं. दत्तोपंतांचे टेकू ते बावीस वर्षं दुरुस्त करत होते. त्यांनी टॉवेल उघडला आणि प्लास्टरचा एक खडा बोटांत चुरून पाहिला.

"वहिनी, हे जुळायचं न्हाई," ते म्हणाले. "आतून पार पीठ झालंय."

सौदामिनीने दुकानातल्या बाकाची कड धरून ठेवली होती. निजामोद्दीननी तिच्या हातांकडे पाहिलं.

"सर कधी येणार हायेत?"

"पुढच्या बुधवारी."

"मंगळवारी या," ते म्हणाले.

पाच दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. तुकडे मेणाने जोडून त्यांनी म्हातारा पुन्हा उभा केला, त्याचा साचा घेतला, नवं प्लास्टर ओतलं, त्यावर थर चढवला आणि रंग वाचणाऱ्या म्हाताऱ्याशी मिळेपर्यंत धुराच्या पुढ्यात धरून बसले. मंगळवारी सौदामिनीला दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा तिलाही क्षणभर नवा कोणता ते सांगता आलं नाही. ती रडायला लागली. निजामोद्दीन यांची तेरा वर्षांची नात लायबा शाळेतून येऊन दारात उभी होती, ती घाबरून आत पळाली आणि पाणी घेऊन आली.

"कोणाला कळायचं न्हाई, वहिनी," निजामोद्दीन म्हणाले होते. "ही गोष्ट माझ्यासंगं कबरीत जाईल."

विशाखा येऊन गेल्याच्या चौथ्या दिवशी दत्तोपंत बँकेत गेले असताना सौदामिनीने नांदेडला फोन लावला. काय बोलायचं ते तिने मनाशी दोनदा म्हणून ठेवलं होतं. निजामभाई, तुम्ही येऊ नका. एवढंच. कारण विचारलं तर तब्येतीचं सांगा म्हणायचं.

फोन लायबाने उचलला. ती आता एका शाळेत तासांवर शिकवत होती.

"काकू!" ती ओरडलीच. "आत्ता तुमचंच बोलून राहिलो होतो. नानांना सरांचं कार्ड आलंय. कार्डावर नाव छापलंय त्यांचं. ज्येष्ठ कारागीर निजामोद्दीन यांचा सत्कार. नाना गल्लीत सगळ्यांना दाखवून आले. मामूच्या लग्नातली शेरवानी काढलीय, उसवली होती बगलेत, ती शिवून घेतली."

मागून निजामोद्दीनचा आवाज आला, "कोन हाय? वहिनी? दे इकडं." मग ते स्वतः फोनवर आले. "वहिनी, चाळीस साल झाले या कामात, कोणी नाव छापलं न्हाई. सरांनी छापलं. तुमी बोलल्या असाल त्यांना."

सौदामिनीने तोंड उघडलं. समोर भिंतीवर, जिथे कधीकाळी ती गुणपत्रिका होती, तिथला चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा अजूनही फिकट दिसत होता.

"वहिनी?"

"सकाळी लवकर निघा," ती म्हणाली. "अकराला सुरू होणार आहे. लायबालाही आणा."

वाचनमंडळाच्या सभागृहात दीडशे माणसं होती. भिंतीला लागून काळं कापड घातलेल्या टेबलांवर जोड्या मांडल्या होत्या, प्रत्येकीपुढे लहानशी पाटी. निजामोद्दीन पाऊण तास आधीच आले होते. शेरवानी त्यांना आता ढिली होत होती. ते लायबाला एकेका टेबलाशी नेत होते आणि कुठे जोड दिला, कुठे कान बसवला ते बोट न लावता दाखवत होते. सौदामिनीला पाहून त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. लायबाने येऊन तिच्या पायांना हात लावला.

"काकू, तुम्ही बारीक झालात."

"उन्हाळा आहे ना," सौदामिनी म्हणाली.

कार्यक्रमात आभार मानण्याचं काम तिच्याकडे होतं. दत्तोपंतांनीच ते तिला दिलं होतं, आणि नावांची यादी स्वतः टंकून आणली होती. ती पहिल्या रांगेत बसून त्या कागदाच्या घड्या घालत आणि उलगडत राहिली.

भाषणं झाली. दत्तोपंतांचा जुना विद्यार्थी वीरेश सूत्रसंचालन करत होता. त्याच्या हातून दत्तोपंतांनी माईक घेतला.

"या संग्रहाला दोन माणसांचे हात लागलेत," ते म्हणाले. "एक जमवणारा. त्याचं कौतुक तुम्ही सकाळपासून करताय. दुसरा जपणारा. तो नांदेडहून आलाय."

टाळ्या झाल्या. निजामोद्दीन मंचावर चढताना एका पायरीवर अडखळले, वीरेशने त्यांना हात दिला. दत्तोपंतांनी त्यांच्या खांद्यांवर शाल घातली, नारळ दिला. फोटोसाठी दोघे शेजारी उभे राहिले. लायबा खुर्चीवरून उठून मोबाईलवर चित्रण करत होती.

"बसू नका, निजामभाई," दत्तोपंत म्हणाले. तीस वर्षं ते त्यांना अरेतुरे करत आले होते. "आपल्याकडून एक शंका दूर करून घ्यायची आहे. आपल्याइतका जाणकार इथे दुसरा नाही."

त्यांनी खूण केली. वीरेशने दोन म्हाताऱ्यांची जोडी आणून मंचावरच्या टेबलावर ठेवली.

"यातला एक मूळचा नाही असं हैदराबादच्या तज्ज्ञांनी सांगितलं. त्याही इथे आहेत."

दुसऱ्या रांगेत विशाखा अर्धवट उठली. "सर, हे इथे..." ती म्हणाली. दत्तोपंतांनी हसून तिला हाताने बसवलं.

"आपण पाहून सांगा, निजामभाई. कोणता?"

निजामोद्दीननी जोडीकडे पाहिलं. त्यांना उचलून पाहायची गरज नव्हती. शालीचं एक टोक खांद्यावरून घसरत होतं, ते त्यांनी धरून ठेवलं.

"हा," ते म्हणाले. "झोपलेला."

"कोणी केला असेल?"

निजामोद्दीननी पहिल्या रांगेकडे पाहिलं. एकदाच, आणि फार वेळ नाही. सौदामिनीने कागदाची आणखी एक घडी घातली.

"मीच केला, सर."

"छान. आणि मूळचा कुठे गेला?"

निजामोद्दीननी शालीचं टोक पुन्हा खांद्यावर ओढलं.

"आम्ही विश्वासाने आपल्याकडे दिलेला. तो कुठे गेला?"

"विकला, सर."

"कोणाला?"

"नाव ध्यानात न्हाई."

मागे कोणीतरी "अरेरे" म्हटलं. दोनतीन जण हसले. लायबाचा मोबाईल धरलेला हात खाली आला होता. इतरांचे मोबाईल मात्र वर होते.

"नाव लक्षात नाही," दत्तोपंत माईकमध्ये म्हणाले, आणि सभेकडे वळले. "मित्रहो, माणसं ओळखायला पंचाहत्तर वर्षंही कमी पडतात." निजामोद्दीन शाल उतरवू लागले होते. दत्तोपंतांनी त्यांचा हात धरून थांबवला. "असू द्या, निजामभाई. शाल खरी आहे."

या वेळी बरेच जण हसले.

मंचावरून खाली उतरा असं त्यांना कोणी सांगितलं नाही. ते मागच्या खुर्चीत बसून राहिले, नारळ मांडीवर धरून. वीरेश घसा खाकरून म्हणाला की आता सौदामिनीताई आभार मानतील.

तिला माईकपर्यंत चालत जाता आलं. तिने कागद उलगडला. अध्यक्षांचे आभार मानले, वाचनमंडळाचे मानले, हैदराबादहून आलेल्या विशाखा यांचे मानले. त्याखाली टंकलेलं होतं, ज्येष्ठ कारागीर निजामोद्दीन, नांदेड. ती थांबली. तिच्या उजव्या हाताला, चार पावलांवर, ते बसले होते. समोर लायबा उभीच होती. दत्तोपंत हाताची घडी घालून, मान किंचित कलती करून तिच्याकडे पाहत होते.

फार तर चार वाक्यं लागली असती.

"मंडपवाले आणि ध्वनिव्यवस्था पाहणारे," सौदामिनी वाचू लागली, "यांचेही मनःपूर्वक आभार."

संध्याकाळी घरी दोघंच होती. दत्तोपंतांना बाहेरचं जेवण सोसत नसे, म्हणून तिने वरणभात लावला होता. त्यांनी तूप वाढून घेतलं, भात कालवला.

"निजाम खोटं बरं बोलला," ते म्हणाले. "अपेक्षा नव्हती."

सौदामिनीने पळी वरणात ठेवली.

"टेकू तू फोडलास. मी पुण्याला होतो तेव्हा, दिवाळीच्या आधी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी आलो त्याच रात्री काट्यावर ठेवला होता. वजनं टिपून ठेवतो मी सगळ्यांची. साठ ग्रॅम जास्त भरला." त्यांनी घास घेतला, नीट चावला. "स्टुलाखाली, भिंतीच्या कडेला, पांढरं पीठही राहिलं होतं थोडं. तू झाडलं होतंस, पण तुला कोपरे झाडता येत नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतेस का, ते बघत होतो."

"आठ वर्षं?"

"मला घाई नव्हती."

बाहेर कोणाच्या तरी घरी दिवेलागणीची घंटा वाजत होती. सौदामिनी उभीच होती. तिला आठवलं, की दर शनिवारी ती तो म्हातारा पुसायला घ्यायची आणि दर शनिवारी दत्तोपंत वर्तमानपत्र घेऊन त्याच खोलीत येऊन बसायचे.

"ती विशाखा आली तेव्हा विचारलं तुला. नाही बोललीस. म्हटलं, आज तरी उठशील. माईकच दिला होता तुझ्या हातात."

"पण निजामभाईंचा काय दोष होता?"

दत्तोपंतांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. प्रश्न त्यांना खरोखरच नवा वाटला असावा.

"त्याचा? काही नाही," ते म्हणाले. "ताक आहे का?"

तिने ताक आणून दिलं. त्या रात्री ती नेहमीच्या वेळी झोपली, नेहमीच्या वेळी उठली. सकाळी त्यांचा चहा गाळून झाकून ठेवला आणि पिशवी घेऊन घराबाहेर पडली. कुठे चालली आहेस, असं त्यांनी आतून विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर न देण्याची ही तिची पहिलीच वेळ होती.

बसमध्ये तिने सगळं मनाशी जुळवलं. आधी निजामभाईंची माफी मागायची. मग सांगायचं की सरांना पहिल्यापासून माहीत होतं. मग त्यांना घेऊन लातूरला यायचं, वीरेशला बोलावायचं, वाचनमंडळाच्या लोकांपुढे उभं राहायचं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. पुढच्या सीटवरचा एक तरुण मोबाईलवर काहीतरी बघत होता, आणि त्यातून तिला दत्तोपंतांचा आवाज ऐकू आला. असू द्या, निजामभाई. तरुणाने हसून ते शेजारच्याला दाखवलं.

इतवाऱ्यातल्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. लायबा बाहेरच्या बाजूला काउंटरपाशी होती. आतून कानशीचा आवाज येत होता, सावकाश, मध्येच थांबणारा. मागच्या फळीवर नेहमी वाद्यांची आणि समयांची गर्दी असायची. आज बरीच फळी रिकामी होती.

सौदामिनी वाकून शटरखालून आत आली. लायबाने तिच्याकडे पाहिलं. तिने पायांना हात लावला नाही.

"शाळेत गेली नाहीस?" सौदामिनीने विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"मुलांनी फळ्यावर काढून ठेवलं होतं काहीतरी. म्हणून आले परत." लायबा एक फडकं घेऊन काउंटरची काच पुसू लागली. "सकाळपासून तिघं आले. आपापलं सामान घेऊन गेले. एक समई तर अर्धीच झाली होती. तशीच नेली."

"लायबा, तो मी फोडला होता."

"माहितीय."

सौदामिनीला ते ऐकू येऊनही कळलं नाही.

"काल येताना लोह्याजवळ सांगितलं नानांनी," लायबा म्हणाली. ती हळू बोलत होती, आत ऐकू जाणार नाही इतकं. "तोवर मी त्यांना लई बोलले. चोर म्हणाले, काकू, मी त्यांना. भरल्या बसमध्ये. तेव्हा सांगितलं. मला म्हणाले, तुला कळलंय हे वहिनींना समजू देऊ नको, त्यांच्या मनाला लागंल. मी शब्द दिला."

ती काच पुसत राहिली. काच स्वच्छच होती.

"म्हणूनच सांगून राहिले," ती म्हणाली.

आतली कानस थांबली, पुन्हा सुरू झाली.

"मला त्यांना भेटू दे," सौदामिनी म्हणाली. "त्यांना एक सांगायचंय. सरांना माहीत होतं, गं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काल त्यांनीच सांगितलं मला. मी सगळ्यांना सांगणार आहे, लातूरला जाऊन..."

लायबाचा हात थांबला. तिने फडकं बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा सौदामिनीकडे नीट पाहिलं.

"पहिल्यापासून माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"काकू, काल घरी आल्यावर नाना जेवले न्हाईत. पण झोपताना काय म्हणाले सांगू? म्हणाले, जाऊ दे बेटा, बिचाऱ्या वहिनी तर वाचल्या." तिने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. "आता तेवढंच हाय त्यांच्यापाशी. ते बी तुम्ही घेऊन जाणार?"

सौदामिनी काउंटरच्या अलीकडे उभी होती. आतलं दार सहा पावलांवर होतं, उघडंच. तिथून ऍसिडचा ओळखीचा वास येत होता, आणि खालच्या बाजूला, उंबऱ्यापाशी, निजामोद्दीन यांच्या वहाणा दिसत होत्या.

"कौन है गे, लायबा?" आतून आवाज आला. थकलेला, पण नेहमीसारखाच अगत्याचा. कोणीतरी काम घेऊन आलं असेल, अशी आशा त्यात होती.

लायबा सौदामिनीकडेच पाहत होती.

"कोई नै, नाना," ती मोठ्याने म्हणाली. "एक बाई है, पता पूछरी."

"तो बता ना ठीक से. धूप में आई होगी. पानी पूछ."

लायबा काउंटरच्या बाहेर आली. तिने शटर हाताने थोडं वर उचलून धरलं, सौदामिनीला वाकावं लागू नये इतकं, आणि दुसरा हात लांब करून रस्ता दाखवला.

"बसस्टँड ना?" ती म्हणाली. "सरळ जा."

सौदामिनी बाहेर पडली. रस्त्यावर ऊन पडलं होतं. लायबाचं बोट ज्या दिशेला होतं, त्या दिशेने ती चालू लागली.